झोपायला स्पेनला

प्रवासाला निघालेल्या नवरा-बायकोचं भांडण नक्की किती वाजता होतं, याचा अजून कुणी शास्त्रशुद्ध अभ्यास केलेला नाही. करायला हवा. माझ्या अंदाजानं दक्षिण स्पेनमध्ये, जुलै महिन्यात, ते दुपारी सव्वाचारला होतं. स्थळ : राजवाडा, चर्च किंवा बंद दुकान यांपैकी कशाच्याही बाहेरची, जिथं सावली नाही अशी बाजू. विषय : पाण्याची बाटली कुणाकडे होती. एक म्हणतो ‘तुझ्याकडे’, दुसरी म्हणते ‘तुमच्याकडे’. बाटली हॉटेलात असते. साडेचारच्या सुमारास विषय बाटलीवरून नवऱ्याच्या आत्याच्या मुलीच्या लग्नावर जातो, आणि तिथून पुढे इतिहासाला सुरुवात होते. समोर आठशे वर्षांचा इतिहास दगडात उभा असतो. पण तो बघतो कोण? तीस वर्षांचा घरचा इतिहासच पुरून उरतो.

माझं म्हणणं असं, की या भांडणात नवऱ्याचा दोष नसतो आणि बायकोचाही नसतो. (दोघांची बाजू घेतोय ती घाबरून नव्हे.) दोष असतो खिशातल्या कागदाचा. त्या कागदावर लिहिलेलं असतं : ‘पहिला दिवस मालागा. दुसरा दिवस ग्रानादा. तिसरा दिवस सकाळी कॉर्दोबा, दुपारी सेव्हिल. चौथा दिवस सेव्हिल उरलेलं, संध्याकाळी विमान.’ ‘सेव्हिल उरलेलं’! जणू रात्रीची आमटी.

हे कागद करणारी मंडळी हल्ली फार वाढली आहेत. पूर्वी युरोपला जाणं ही आयुष्यातली एक घटना असायची. जाणाऱ्याला पोचवायला विमानतळावर जीपभर माणसं आणि हार. आता मुलगा फ्रँकफुर्टला नाही तर मुलगी लंडनला. आई-बाबा उन्हाळ्यात तिकडे तीन महिने. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे जातात, मग एके रात्री जेवताना मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही दोघं चार दिवस दक्षिण स्पेनला का जाऊन येत नाही? विमान स्वस्तात मिळतंय.” या वाक्याचा खरा अर्थ कळण्याइतके आपण जुने असतो, पण तो न कळल्यासारखं दाखवण्याइतके शहाणेही असतो. दुसऱ्या दिवशी कागद तयार. त्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन. आमच्या कागदात तर एका चौकोनात ‘विश्रांती (५.१५ ते ५.३०)’ असं लिहिलं होतं. पोरानं मायेनंच लिहिलं होतं. पण मला शाळेच्या मधल्या सुट्टीची आठवण झाली.

तरुण जोडप्यांचं याहून वेगळं नाही. त्यांनी २०११ सालचा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पाहिलेला असतो, आणि तेव्हापासून स्पेन म्हणजे टोमॅटोची फेकाफेक आणि उधळलेले बैल, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यांना सांगायला हवं, की बाबांनो, टोमॅटो फेकतात ते बुन्योल गाव पूर्वेला व्हॅलेन्सियाजवळ, आणि बैल धावतात ते पाम्प्लोना पार उत्तरेला. शिवाय त्या सिनेमात फिरायला निघालेले तीन मित्र आहेत, जोडपं नव्हे. तिघांचं लक्ष एका बाटलीवर असतं तेव्हा ती कुणाकडे तरी सापडते.

तर या कागदवाल्यांच्या विरुद्ध माझी तक्रार आहे आणि मी ती जाहीर मांडणार आहे. माझा मुद्दा एका वाक्यात सांगतो : उन्हाळ्यात नवरा-बायकोनं चार दिवसांसाठी दक्षिण स्पेनला जायचं असेल, तर एकच गाव घ्यावं आणि रोज दुपारी झोपावं.

इथं लगेच पैसा-वसूल पंथाचे लोक उभे राहतात. “म्हणजे एवढे पैसे खर्चून झोपायला जायचं? झोप काय घरी येत नाही?” या प्रश्नाला मी घड्याळानं उत्तर देतो.

आपल्याकडे पुण्यात सूर्य डोक्यावर येतो साधारण साडेबाराला. सेव्हिलला जुलै महिन्यात तो डोक्यावर येतो अडीच वाजता! याचं कारण सूर्य आळशी आहे हे नव्हे. स्पेन देश नकाशावर इंग्लंडच्या खाली आहे, पण घड्याळ जर्मनीचं लावतो. १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं तासभर पुढे सरकवली, ती बर्लिनशी जुळली, आणि लढाई संपली तरी ती मागे घ्यायचं राहूनच गेलं. त्यात उन्हाळ्याचा आणखी एक तास वाढतो. म्हणजे आपला माणूस ‘चला, पाच वाजले, आता उन्हं उतरली’ म्हणून टोपी काढून खोलीबाहेर पडतो, तेव्हा सूर्याच्या हिशेबानं पुण्यातले तीन वाजलेले असतात. भट्टी नुकती रंगात आलेली असते. सूर्य मावळतो पावणेदहाला. आता हा सगळा हिशेब मांडून पाहा. पुण्यात ज्या एक ते चारच्या झोपेवर अख्ख्या महाराष्ट्रानं विनोद केले, त्या एक ते चार म्हणजे सेव्हिलचे तीन ते सहा. सेव्हिलची पुष्कळशी छोटी दुकानं दोन-अडीचला फळी ओढतात आणि पाचनंतर कधीतरी उघडतात. हा आळस म्हणायचा असेल तर म्हणा. मी त्याला खगोलशास्त्र म्हणतो.

आणि ऊन म्हणजे काय ते नीट समजून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलला दुपारचं सरासरी तापमान छत्तीसच्या आसपास असतं, आणि चाळीस ओलांडणं ही बातमी होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कॉर्दोबा प्रांतात पारा ४७च्या वर गेला होता. सेव्हिल आणि कॉर्दोबा यांच्या मधे एसिखा नावाचं एक गाव आहे. त्याला तिकडचे लोक ‘अंदालुसियाचा तवा’ म्हणतात. २०२२ साली सेव्हिलनं उन्हाच्या लाटांना नावं द्यायला सुरुवात केली, आपण वादळांना देतो तशी. पहिल्या लाटेचं नाव ‘झोए’. आपल्याला नाव ऐकून वाटेल कुणाची तरी नात असेल. पण थट्टा पुरे. त्या एका उन्हाळ्यात स्पेनमध्ये हजारो माणसं उष्णतेनं दगावली, आणि त्यांत म्हातारी माणसं जास्त होती. साठी उलटलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आई-बाबांना दुपारी चार वाजता मोकळ्या चौकात उभं करणारा कागद हा नुसता बावळट नसतो, धोक्याचा असतो.

तिकडच्या लोकांनी हे हजार-दोन हजार वर्षांपूर्वी ओळखलं. सेव्हिलच्या जुन्या वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या बायकांनी खिडकीतून वाटीभर साखर द्यावी. ती गरिबी नव्हे. सावलीसाठी केलेली सोय आहे. सिएर्पेस नावाच्या बाजाररस्त्यावर उन्हाळ्यात या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत कापड ताणतात. अख्ख्या रस्त्याला मांडव! लग्न नाही, मुंज नाही, नुसता उन्हासाठी. घरांच्या मधोमध चौक, चौकात कारंजं, भोवती कुंड्या. आपल्या वाड्याची आठवण होते, फक्त तिथं नळावर भांडण नसतं. खिडक्यांना खाली सोडायचे पट्ट्यांचे पडदे. ते दुपारी ओढले की खोलीत विहिरीतल्यासारखा गारवा आणि अंधार. पाण्यासाठी मातीचा, चोच असलेला ‘बोतिखो’. आपल्या माठाचा सख्खा मावसभाऊ. पाझरतो आणि पाणी गार करतो. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ‘सिएस्ता’. हा शब्द लॅटिनमधल्या ‘सहाव्या तासा’वरून आला, म्हणजे रोमन लोकांची भर दुपार. म्हणजे हे शहर बांधलंच आहे दुपारी आत बसण्यासाठी. दुपारी बाहेर हिंडून ज्यानं सेव्हिल पाहिलं, त्यानं थिएटरात जाऊन पडद्याकडे पाठ करून सिनेमा पाहिला.

आता पैसा-वसूल पंथाला त्यांच्याच नाण्यात उत्तर देतो. हॉटेलची खोली चोवीस तासांची असते. भाडं चोवीस तासांचं भरता. वातानुकूलनाचे पैसे त्यातच धरलेले असतात. आणि दिवसातले जे चार तास त्या गार हवेची खरी किंमत असते, नेमके त्याच वेळी तुम्ही बाहेर घाम गाळत असता आणि यंत्र रिकाम्या पलंगाला वारा घालत असतं! याला वसुली म्हणतात? आमच्या सौ.नं हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडला आणि तीन वाजता पडदा ओढला. तिचं गणित पूर्वीपासून चांगलं आहे.

दुसरा मुद्दा, एकच गाव. नकाशावर सगळं जवळ दिसतं, हे खरं. मॅड्रिड-सेव्हिल वेगवान गाडी १९९२ साली सुरू झाली, ती अडीच तासांत पोचवते. सेव्हिल ते कॉर्दोबा पाऊण तास. आपल्याकडे डेक्कनवरून स्वारगेटला जायला कधी कधी तेवढाच लागतो. पण गाव बदलणं म्हणजे नुसती गाडी नव्हे. हॉटेलवाला बाराला खोली सोडायला सांगतो आणि पुढचा हॉटेलवाला तीनच्या आत खोली देत नाही. म्हणजे नेमक्या तापत्या वेळी तुम्ही बेघर! वर चाकांची बॅग. सेव्हिलच्या गल्ल्यांत गोटे बसवलेले आहेत, त्यांवरून ती बॅग ओढताना असा आवाज येतो, की झोपलेलं सेव्हिल खिडकी उघडून बघतं कोण मूर्ख आहे. असे चार दिवसांत तीन मुक्काम बदलले तर दीड दिवस सामान आवरण्यात जातो. उरलेल्या अडीच दिवसांत स्पेन आणि संसार, दोन्ही सांभाळायचे.

“पण मग अलहम्ब्रा?” हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. ग्रानादाचा अलहम्ब्रा पाहावा असाच आहे. पण त्याचं तिकीट आधी काढावं लागतं, त्यावर तुमचं नाव आणि पासपोर्टचा नंबर असतो, आणि आतल्या नासरी महालात शिरायची वेळ छापलेली असते. ती चुकली की गेली. तेव्हा अलहम्ब्रा पाहायचा तर ग्रानादालाच चार दिवस राहा. ते उंचावर आहे, रात्री तिथं हवा सुसह्य होते. संध्याकाळी समोरच्या आल्बायसिनच्या टेकडीवर बसून तांबडा होत जाणारा किल्ला बघा. नाहीतर सेव्हिलला राहा आणि अलहम्ब्रा सोडा. सोडा! जगात काही गोष्टी सोडता येतात. आपण मुलांच्या शाळेसाठी, धाकट्या दिराच्या लग्नासाठी, घराच्या हप्त्यांसाठी आयुष्यभर काय काय सोडलं. एक किल्ला सोडायला काय हरकत आहे? आणि ज्यांना ऊनच सोसत नाही, त्यांनी दोन्ही सोडून कादिझला जावं. तिन्ही बाजूंनी अटलांटिक, जुलैतही पारा बहुधा तिशीच्या आत, आणि दोन जुन्या किल्ल्यांच्या मधे ला कालेता नावाची छोटीशी चौपाटी. तिथं संध्याकाळी गावातल्या आज्या घरून खुर्च्या आणून गप्पा मारत बसतात. आपणही बसावं. भाषा कळत नाही म्हणून काही अडत नाही. विषय सुनांचाच असणार.

सेव्हिल घेतलंत, तर दिवस असा : सकाळी आठला बाहेर. रस्ते नुकते धुतलेले असतात. भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल, सोबत कॉफी. मग अल्काझार राजवाड्याचं सकाळचं पहिलं तिकीट. दुसऱ्या दिवशी कॅथीड्रल आणि त्याचा हिराल्दा मनोरा. या मनोऱ्याला वर जायला जिने नाहीत, चढण आहे, पस्तीस टप्प्यांची. मशिदीच्या काळात बांग देणारा घोड्यावरून वर जायचा, असं सांगतात. शेवटी थोड्याशा पायऱ्या आहेत. गुडघ्यांच्या दृष्टीनं जगातला हा सर्वांत समजूतदार मनोरा. एका सकाळी हवं तर कॉर्दोबाला जाऊन यावं : तिथल्या मशिदीचं काम ७८५च्या सुमारास सुरू झालं, आत साडेआठशेच्या वर खांब आहेत आणि सोळाव्या शतकात त्यांच्या मधोमध चर्च बसवलंय. सामान सेव्हिललाच ठेवावं आणि दुपारच्या झोपेला परत यावं. दोनला जेवण. तीन ते सात झोप. आठला बाहेर पडून नदीच्या पलीकडे त्रियानात फिरणं. दहाला रात्रीचं जेवण, आणि त्या वेळी शेजारच्या टेबलावर दोन वर्षांचं पोर टक्क जागं असतं. कारण तेही दुपारी झोपलेलं असतं.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. सेव्हिलला जिरं घातलेली पालक आणि काबुली चण्याची भाजी मिळते. डोळे मिटून खाल्ली तर आपली आईच आठवते. मालागाकडची वांग्याची तळलेली कापं काकवी घालून देतात. ते तिला ‘ऊसाचा मध’ म्हणतात, पण काकवी ती काकवी! टोमॅटो, काकडी आणि लसणाचं गार ‘गास्पाचो’ म्हणजे पेल्यात ओतलेली कोशिंबीर. फक्त ‘मांस नको’ म्हटल्यावरही वरून डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरतात, कारण त्यांच्या मते ती कोथिंबीर आहे. तेवढं ‘हामोन नको’ असं वेगळं सांगावं.

आता जोडप्यांविषयी. सेव्हिलला प्रेमाचं शहर म्हणून विकतात. विकणाऱ्यांनी गोष्टी वाचलेल्या दिसत नाहीत. डॉन ह्वान इथलाच, त्यानं एकीशीही संसार केला नाही. बिझेच्या १८७५च्या ऑपेरातली कारमेन इथल्याच तंबाखूच्या कारखान्यातली. तिला तिच्या प्रियकरानं बैलांच्या आखाड्याबाहेर भोसकलं. त्या कारखान्यात आता विद्यापीठ आहे. सारांश, सेव्हिलच्या गोष्टींत प्रेम पुष्कळ, पण दुपारी शांत झोपलेलं जोडपं एकही नाही. म्हणून तर सगळ्यांचे शेवट तसे झाले.

आणि गंमत बाजूला ठेवून एक सांगतो. आमच्या पिढीतली जोडपी एकटी अशी कधी नव्हतीच. लग्नानंतर तीन दिवस महाबळेश्वर, त्यातही एक दिवस पाऊस. मग घरात सासू-सासरे, दीर-नणंदा. मग मुलं, मुलांचे टॉन्सिल, मुलांच्या परीक्षा. तीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो ते गॅसचा सिलिंडर आणि फीची तारीख यांविषयी. मुलं उडून गेली आणि दोघं एका खोलीत समोरासमोर आली, तर बोलायचं काय, हेच सुचेना. अशा दोघांना चार दिवस मिळतात, तेही साठीत. ते चार दिवस पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकोनांत कोंबायचे? पडदा ओढलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत तिसऱ्या दुपारी आमची ही जागी असताना एकदम म्हणाली, “अहो, मला लहानपणी सतार शिकायची होती.” हे मला लग्नानंतर छत्तीस वर्षांनी कळलं. राजवाड्याच्या रांगेत उभं राहून असल्या गोष्टी कळत नाहीत. त्यासाठी दुपार लागते, आणि त्या दुपारी करायला काही नसावं लागतं.

“मग उन्हाळ्यातच का जायचं? एप्रिलमध्ये जा, ऑक्टोबरमध्ये जा.” असं शहाणे म्हणतील. बरोबर आहे, जमलं तर जाच. पण मुलांच्या रजा, व्हिसा आणि नातवंडांच्या सुट्ट्या हवामान बघून येत नाहीत. शेंगेनचा व्हिसा काढायला तर मुक्कामाचा पत्ता लागतो, तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, बँकेचं पुस्तक लागतं. एवढं सगळं जमवून ज्याच्या वाट्याला जुलै आला, त्यानं जुलैतच जावं. ऑगस्टमध्ये मात्र एक ध्यानात ठेवावं, की खुद्द सेव्हिलचे लोकच समुद्रावर पळालेले असतात आणि निम्म्या खानावळींच्या दारावर ‘सुट्टीनिमित्त बंद’ अशी पाटी असते.

शेवटची शंका : परत आल्यावर लोक विचारतात, “काय काय पाहिलंत?” त्यांना काय सांगायचं? सांगावं, की एक राजवाडा, एक मनोरा, एक मशीद आणि चार दुपारी. ते हसतील. हसू द्या. त्यांना पाच गावांची नावं पाठ असतात, पण त्यांतलं कुठलं कुठं होतं हे विचारलं की नवरा बायकोकडे बघतो आणि सव्वाचारचं भांडण पुन्हा सुरू होतं.

राहता राहिला तो मुलानं मायेनं केलेला कागद. तो फेकून देऊ नये. स्पेनमध्ये उन्हाळ्यात बायकांच्या हातात पंखा असतोच. कागदाला चार घड्या घातल्या की आपलाही बरा होतो.